जुडगा

आमच्या आईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. घरात चोरण्यासारखं काही नव्हतं, पण फडताळातल्या लाडवांना कुलूप होतं. चोर बाहेरून येत नाही, पोटीच जन्माला येतो, असा तिचा सिद्धांत.

ती गेली तेव्हा माझ्या मोबाइलवर तिचा आवाज उरला : काही ओव्या, आणि आम्हा तिघा भावांना दिलेल्या शिव्या. मोबाइलचा काय भरवसा? म्हणून चिरंजीव म्हणाले, "आजीचा आवाज एका कंपनीकडे ठेवू."

"परक्याच्या घरी?"

"बाबा, इथंच कुलूप घालून पाठवायचा. त्यांच्याकडे जाईल तो नुसता आकड्यांचा काला. किल्ली आपल्याजवळ."

"म्हणजे बँकेचं लॉकर!"

"छे! लॉकरला बँकेचीही किल्ली लागते. इथं कंपनीलासुद्धा उघडता येत नाही. मात्र किल्ली हरवली, तर त्यांच्या पाया पडूनही उपयोग नाही."

मला घाम फुटला. कपाळावरचा चष्मा मी घरभर शोधतो. भावांना एकेक किल्ली द्यावी, तर वाटणीपासून आमचं बोलणं नाही. तेराव्यालाही तिघं तीन कोपऱ्यांत. शिवाय दिलेली किल्ली परत मागण्यात अर्थ नाही. नक्कल करून ठेवली असली तर? सगळं नव्या कुलपात घालणं आलं.

चिरंजीवांनी तोडगा काढला. १९७९ साली अदी शामीर या इस्रायली गणितज्ञानं गुपिताचे तुकडे करायची युक्ती छापली. तिघांना तीन तुकडे. कोणतेही दोन जुळले की किल्ली तयार. एका तुकड्यावरून मात्र काही म्हणजे काही कळत नाही. दोन बिंदू मिळाले की रेषा ठरते. एकातून वाटेल तेवढ्या जातात, तसं. एकेकटे निरुपयोगी! आम्हा भावांना न पाहता या गृहस्थानं हे ओळखावं कसं?

मूळ किल्ली पुसली, तुकडे कागदावर लिहून पोस्टानं धाडले. पुढे मोबाइल खरंच बादलीत पडला.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी थोरल्याचा फोन आला. "आईचा आवाज ऐकायचाय रे. तुझा कागद घेऊन ये."

मी गेलो. पण माझा कागद काही सापडला नव्हता. थोरल्यानं कपाळाला हात लावला, आणि मुकाट्यानं धाकट्याला फोन केला.

तिघं एका सतरंजीवर बसलो. कुलूप उघडलं. ओवीच्या आधी आई खेकसली, "मेल्यांनो, माझ्या जुडग्याला कुणी हात लावला?"