पडद्यासमोरचं ताट

नोकरीपायी नांदेडहून, पुण्याहून येऊन हैदराबादच्या कोंडापूर-गचीबावली पट्ट्यात स्थिरावलेल्या मराठी जोडप्याला शनिवारची रात्र सत्कारणी लावायची असते, तेव्हा प्रश्न एवढाच असतो: आधी सिनेमा की आधी जेवण? अलीकडच्या महागड्या पडद्यांनी हा प्रश्नच निकालात काढला आहे. मागे रेलणारी खुर्ची, पाय वर उचलणारी गादी, मोबाइलवर मेन्यू आणि मागच्यांना पडदा दिसावा म्हणून कंबरेत वाकून ताट घेऊन येणारा वेटर. लोळता लोळता जेवायचं आणि जेवता जेवता सिनेमा बघायचा.

या शहराला सिनेमाचं वेड नवं नाही. इथले नटच थिएटरं काढतात. डिसेंबर २०१८मध्ये महेश बाबूच्या भागीदारीतलं एएमबी सुरू झालं, जून २०२३मध्ये अमीरपेटला जुन्या सत्यम टॉकीजच्या जागी अल्लू अर्जुनचं एएए. पण जेवणाचा हा प्रकार मुळात अमेरिकेतला. १९९७ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात टिम आणि कॅरी लीग या जोडप्याने एका जुन्या पार्किंगच्या जागेत ‘अलामो ड्राफ्टहाउस’ काढलं. प्रत्येक रांगेसमोर अरुंद टेबल. काय हवं ते चिठ्ठीवर लिहून उभं करून ठेवायचं, वेटर गुपचूप उचलून न्यायचा. तिथे ही सोय हवीच होती, कारण तिकडच्या सिनेमाला मध्यंतर नसतं. दोन-अडीच तास उपाशी बसणार कोण?

आपल्याकडे मात्र सिनेमा खाण्यासाठी थांबतोच. तेलुगू पटकथाकार तर मध्यंतराआधीच्या धक्क्याला ‘इंटरव्हल बँग’ म्हणतात आणि अर्धा जीव त्यावर ओततात. दिवे लागतात, सगळं थिएटर एकदम उठतं, काउंटरला झुंबड उडते. हैदराबादचा तो इवलासा कांदा-समोसा एका हातात, चहा दुसऱ्या हातात, आणि खलनायक नेमका कोण यावर अनोळखी माणसाशी वाद. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. दादरच्या शिवाजी मंदिरात नाटक कसंही असो, मध्यंतरातला बटाटावडा नाटकाइतकाच गाजलेला. तो वडा खुर्चीत आणून दिला तर खाणारे खातील, पण नाटकाबद्दल बोलणार कुणाशी?

म्हणजे इथे विकली जाते ती भुकेची सोय नव्हे. विकली जाते ती न उठण्याची चैन आणि रांगेतल्या गर्दीपासून सुटका. त्यात धंद्याचंही गणित आहे. पीव्हीआर-आयनॉक्ससारख्या साखळीच्या उत्पन्नाचा जवळपास तिसरा हिस्सा खाण्यापिण्यातून येतो. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत काउंटर किती विकणार? ताट खुर्चीपर्यंत गेलं, की पहिल्या जाहिरातीपासून शेवटच्या मारामारीपर्यंत दुकान उघडं.

आता त्या मेन्यूकडे नीट पाहावं. फ्राइज, नाचोज, टिक्का, स्लायडर, रोल. सगळं एका हाताने, न बघता तोंडात जाईल असं. हा मेन्यू स्वयंपाक्याने नव्हे, अंधाराने ठरवलेला असतो! हैदराबादी दम बिर्याणी या परीक्षेत सपशेल नापास होते. तिला पाच बोटं लागतात, हाड बाजूला काढायला उजेड लागतो, आणि केशरी दाणा कुठे, पांढरा कुठे हे डोळ्यांना दिसलं नाही तर निम्मी मजा गेली. शिवाय तिचा वास. तीन रांगांमधल्या कुणाचंही मग नायिकेच्या दुःखात लक्ष लागायचं नाही.

गंमत अशी, की या शहराची सर्वांत नावाजलेली बिर्याणी थिएटरच्याच पोटी जन्मली. १९५३ साली सिकंदराबादच्या पॅराडाइज टॉकीजला लागून एक छोटा कॅफे निघाला. पुढे टॉकीज गेलं, कॅफे मात्र वाढतच राहिला. आज चौकाचं नाव पॅराडाइज, मेट्रोच्या स्टेशनचं नाव पॅराडाइज. आणि ते नाव उच्चारताना बहुतेकांना सिनेमा आठवतच नाही. आरटीसी क्रॉस रोड्सला संध्या, सुदर्शन, देवी अशी थिएटरं आणि त्यांच्या शेजारची ‘बावर्ची’ ही जोडीही तशीच. शो सुटला, की पावलं आपोआप तिकडे वळतात. या शहराने सिनेमा आणि जेवण शेजारी-शेजारी ठेवले, एका खुर्चीत कोंबले नाहीत. ही वाटणी फार शहाणपणाची होती, असं म्हणायला हरकत नाही.

घरचा डबा मात्र थिएटरातून हद्दपार झाला. ३ जानेवारी २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बाहेरचे पदार्थ आत आणू न देण्याचा हक्क थिएटरमालकाला आहे. पिण्याचं पाणी तेवढं फुकट द्यावं, आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवू नये. सुनावणीत सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी जिलबीचं उदाहरण दिलं: खाऊन कुणी चिकट बोटं खुर्चीला पुसली तर साफसफाईचा खर्च कुणी द्यायचा? तंदुरी कोंबडीच्या हाडांचाही उल्लेख झाला. आज त्याच अंधारात, थिएटरच्याच ताटातून, टिक्क्याची हिरवी चटणी त्याच खुर्चीवर सांडते. फरक इतकाच, की तिचं बिल आधीच चुकतं केलेलं असतं.

तरीही जाऊ नये असं नाही. दिवसभर दोघंही लॅपटॉपला जुंपलेली, घरी गॅस पेटवायचं त्राण नाही, अशा रात्री कुणीतरी ताट हातात आणून देतं यातलं सुख नाकारण्यात अर्थ नाही. फक्त ऑर्डर दिवे मालवण्याआधी द्यावी. पदार्थ कोरडा असावा. सिनेमा विनोदी किंवा आधी एकदा पाहिलेला असावा, म्हणजे वेटर नेमका नायकाच्या एन्ट्रीला आडवा आला तरी जीव चडफडत नाही. आणि पोटात थोडी जागा ठेवावी. शो साडेअकराला सुटला तर बिर्याणीची हॉटेलं अजून उघडी असतात, आणि उत्तरार्ध फसला की नाही हे भांडण तिथल्या ट्यूबलाइटखाली जास्त रंगतं.