विहिरीपासून सूर्येपर्यंत

पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवरच्या ख्रिस्ती माणसाचे आयुष्य पाण्याने सुरू होते आणि पाण्यानेच त्याला निरोप दिला जातो. बाप्तिस्म्याला तान्ह्या मुलाच्या मस्तकावर तीनदा पाणी ओततात. मोठेपणी देवळात शिरताना तो दारातल्या पाण्यात बोट बुडवून क्रुसाची खूण करतो. पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. ईस्टरच्या आदल्या रात्री पाण्याला आशीर्वाद दिला जातो, आणि लहानपणी आईवडिलांनी आपल्या वतीने दिलेली वचने सारे भाविक पेटती मेणबत्ती हातात धरून स्वतःच्या तोंडाने पुन्हा देतात. अखेरीस शवपेटीवर शिंपडतात तेही पाणीच. त्या वचनांचा गाभा एवढाच असतो, की दुष्टपणाला आणि त्याच्या भुलवणीला आपण नकार देऊ. मात्र हा नकार सोमवारी सकाळी नेमका कशाला द्यायचा, हे ओळखायला अक्कल लागते. या जिल्ह्यात ती पाण्याच्याच प्रश्नावर पुन्हा पुन्हा कसाला लागली आहे.

वसई तालुका 1 ऑगस्ट 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, नंतर तो नव्या पालघर जिल्ह्यात आला. पोर्तुगीजांकडे हा मुलूख 1534 मध्ये गेला आणि 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी तो जिंकला. राज्यकर्ते गेले, बाप्तिस्मा घेतलेले शेतकरी आणि कोळी मागे राहिले. सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन अशा त्यांच्या अनेक शाखा. परक्या राजवटीच्या आधाराशिवाय आपला धर्म जगायचा, तोही शेजाऱ्यांशी सलोखा राखून, हे त्यांना तेव्हापासून साधावे लागले. शेजारी तरी परके कुठे होते? बोली एक, वाडी एक, पाण्याची पाळीही तीच.

वाडी म्हणजे केळी, पानवेल, फुले आणि भाजी. तिला पाणी मिळे विहिरीचे आणि बावखलाचे. बावखल हा गोड्या पाण्याचा खोदलेला तलाव. पावसाचे पाणी त्यात साठे, बाजूच्या जमिनीत मुरे आणि विहिरींची पातळी धरून ठेवी. काठावर रहाट असे. बैल गोल फिरे, माळेतली मडकी भरून वर येत आणि पाणी पाटाने वाफ्यांत जाई. रहाटाचा वेग बैलाच्या पावलाइतकाच असल्यामुळे जमिनीतून एका दिवसात किती ओढायचे याला आपोआप मर्यादा पडे. समुद्रालगतच्या भूमीत ही मर्यादा फार मोलाची असते. तिथे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. भूजलशास्त्राच्या ठोकताळ्याप्रमाणे समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची एक मीटर उंची टिकली, तर तिच्या जोरावर खाली सुमारे चाळीस मीटर खोलीपर्यंत खारे पाणी दाबून ठेवले जाते. म्हणजे वरची पातळी थोडी घसरली तरी खालून समुद्र बराच वर सरकतो. एकदा खारी झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे जावे लागतात.

त्या विहिरीला घरच्या माणसासारखा मान होता. ईस्ट इंडियन लग्नात आदल्या दिवशी उंबराचे पाणी आणायची रीत आहे. बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि वधूच्या किंवा वराच्या आंघोळीसाठी पाणी भरून आणतात. ही चाल चर्चच्या विधीतली नव्हे, त्याहून जुन्या मातीतली आहे. ख्रिस्ती झालेल्या लोकांनी ती टाकली नाही, हे त्यांनी शहाणपणाचेच केले. पाण्याविषयीची कृतज्ञता बाप्तिस्म्याच्या आड येण्याचे काही कारणच नव्हते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईची वस्ती रेल्वेने वसई-विरारकडे सरकली. इमारती आधी उभ्या राहिल्या, नळ मागाहून यायचे होते. मधल्या काळात ती तहान टँकरने भागवायचे ठरले, आणि टँकर भरण्यासाठी पंप लागले वाड्यांतल्या विहिरींवर. काही जमीनमालकांना त्यात रोख पैसा दिसला. भाजी पिकवण्यापेक्षा पाणी विकणे सोपे होते. पण जमिनीखालचे पाणी बांधाबांधाने वाटलेले नसते. एकाने रात्रभर पंप चालवला की शेजाऱ्याची विहीर मचूळ होते, पानवेल पिवळी पडते, केळी खुरटतात. त्यात जमिनींचे व्यवहार, दडपण आणि गुंडगिरी मिसळली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस या साऱ्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिच्या अग्रभागी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते.

दिब्रिटो 4 डिसेंबर 1942 रोजी वसईजवळच्या नंदाखाल गावात जन्मले. ते वाडीतच वाढले आणि 1972 मध्ये धर्मगुरू झाले. ‘सुवार्ता’ या मराठी मासिकाचे संपादन त्यांनी 1983 पासून 2007 पर्यंत केले. चर्चचे मासिक गावच्या प्रश्नांवर, साहित्यावर आणि इतर धर्मांतल्या सत्पुरुषांवर लिहू लागले, हे त्यांच्या काळाचे वैशिष्ट्य. पाण्याच्या आंदोलनात हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही उतरले. त्यात दिब्रिटोंना धमक्या आल्या, पोलीस संरक्षणात राहावे लागले. धर्मगुरूचे हे काम आहे का, असा प्रश्न अशा वेळी उठतोच. ज्या पाण्याने तो बाप्तिस्मा देतो तेच पाणी गावातून नाहीसे होत असताना त्याने फक्त मिस्सा अर्पण करत राहायचे, ही अपेक्षाच मुळात धर्माला न शोभणारी आहे.

येशूने शिष्यांना लांडग्यांमध्ये पाठवताना सापाचे चातुर्य आणि कबुतराचा निरागसपणा, दोन्ही मागितले होते. उपदेशात बहुधा दुसऱ्या निम्म्यावरच भर दिला जातो. वसईत पहिले निम्मेही लागले. निवेदन कुठे द्यायचे, कोणत्या खात्याला जाब विचारायचा, मोर्चा शांततेत कसा ठेवायचा, वर्तमानपत्रांपर्यंत कसे पोहोचायचे, या गोष्टी नुसत्या प्रार्थनेने येत नाहीत. या लढ्यापुढचा मोह मात्र वेगळाच होता. प्रश्न पाण्याचा न ठेवता ‘ख्रिस्ती वाड्या वाचवा’ असा करणे सहज शक्य होते. गर्दी जमली असती, पण वसई मनाने दुभंगली असती. समितीने नावातच सबंध वसई धरली. पुढे 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादला झालेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटोंकडे आले. तेव्हा केवळ ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून विरोधाचे सूर निघाले. तरीही आजारी शरीराने ते व्यासपीठावर गेले आणि मराठीतून बोलले. 25 जुलै 2024 रोजी त्यांचे निधन झाले.

बोईसर-तारापूरमध्ये हेच पाणी वेगळ्या रूपात समोर येते. तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 मध्ये सुरू झाले. ते देशातले पहिले. त्याच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. शेजारच्या औद्योगिक वसाहतीत रसायने, रंग, औषधे आणि कापडाचे कारखाने वाढले. इथला ख्रिस्ती माणूस वसईसारखा एका मातीतला नाही. कोणी केरळ-तमिळनाडूतून आला, कोणी वसईहून, कोणी डहाणूच्या पाड्यातून. त्याची वाडी नाही, विहीर नाही. त्याच्याकडे पाळी आहे, पगार आहे आणि घरभाडे आहे. वसाहतीतल्या सांडपाण्याने खाड्या आणि समुद्र नासल्याची तक्रार मच्छीमार मांगेला समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेली. प्रदूषित पाणी आपोआप वाहत नाही, कोणीतरी झडप उघडलेली असते आणि नोंदवहीत सही केलेली असते.

रात्रपाळीच्या त्या माणसाला जगणे कसे साधावे, याचे सोपे उत्तर नाही. नोकरी सोडून देणे हे ज्याच्या गाठीला काही आहे त्याचे उत्तर झाले. हाती आहे तेवढे त्याने करावे. खोटी नोंद करू नये, चूक दिसली तर वरिष्ठांना लेखी कळवावे, आणि एकट्याने न बोलता चार सहकाऱ्यांना बरोबर घ्यावे. हे सहकारी त्याच्या देवळातले असण्याची गरज नाही. मासा मेला की कोळणीची टोपली रिकामी होते, हे त्यांनाही दिसते. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या आपल्या परिपत्रकात सुरक्षित पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क मानला आहे. बोईसरमध्ये त्या पत्राचा अर्थ नियंत्रण कक्षातल्या एका सहीपर्यंत येऊन थांबतो.

सगळ्यांत अवघड गोष्ट मात्र सूर्या नदीची आहे. विक्रमगड तालुक्यात धामणी येथे सूर्येवर धरण झाले, खाली कवडासला बंधारा झाला. डहाणू, पालघर, विक्रमगड या तालुक्यांतल्या शेतीला, म्हणजे मुख्यतः आदिवासी शेतकऱ्याला, पाणी मिळावे म्हणून हा प्रकल्प आखला होता. पुढे त्यातल्या पाण्याचा मोठा वाटा शहरांकडे वळला. सूर्या प्रादेशिक योजना दिवसाला 403 दशलक्ष लिटरची आहे. त्यातले 185 दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी आणि 218 मीरा-भाईंदरसाठी. ज्या वसईने आपल्या विहिरी टँकरवाल्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून लढा दिला, तिच्या नळाला आज दुसऱ्याच्या शेताचे पाणी येते. शहराला ते हवेच आहे. पाइपलाइनने टँकरवरची भिस्त कमी होते, हेही खरे. पण याच जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात.

येथे ख्रिस्ती विचाराला एक उलटे वळण घ्यावे लागते. आदिवासी भागात चर्चची ओळख शाळा, दवाखाना आणि वसतिगृह देणारी अशी आहे, आणि त्याच कारणाने तिच्यावर धर्मांतराचा संशयही घेतला जातो. दिलेल्या घोटभर पाण्याचा हेतूसुद्धा तपासला जातो. संशयाला संतापाने उत्तर देऊन काही साधत नाही. शुभवर्तमानातला येशू याकोबाच्या विहिरीवर थकून बसला होता. शोमरोनी स्त्री आली तेव्हा त्याने आधी काही दिले नाही. त्याने तिच्याकडे पाणी मागितले. यहुद्याने शोमरोन्यापुढे हात पसरणे त्या काळी न घडणारे होते. सूर्येचे पाणी पिणारा वसईकरही विक्रमगडच्या शेतकऱ्यापुढे तसाच घेणारा आहे, आणि दात्याचा आव सोडून त्याने ते मोकळेपणाने मानावे. वसई धर्मप्रांत 22 मे 1998 रोजी मुंबईपासून वेगळा झाला. त्यात वसईचे वाडवळ आणि सामवेदी आहेत, बोईसरचे कामगार आहेत आणि तलासरी-डहाणूकडचे वारली ख्रिस्तीही आहेत. पाणी देणारा आणि घेणारा एकाच बिशपांच्या छायेखाली, एकाच मिस्सेला गुडघे टेकतात. हा प्रश्न घरातच सोडवण्याची इतकी चांगली सोय फार थोड्या ठिकाणी असेल.

सोडवणूक कुठून सुरू करायची, तेही गावांना ठाऊक आहे. सूर्येवरचा भार हलका करायचा तर वसईने स्वतःचे पाणी पुन्हा साठवले पाहिजे. अनेक बावखले भराव टाकून बुजवली गेली, काहींत कचरा साचला, काहींचे झरे गाळाने बंद झाले. उरलेली वाचवण्यासाठी पश्चिम पट्ट्यातली माणसे पुढे आली आहेत. गाळ उपसणे, काठ बांधणे, पागोळीचे पाणी विहिरीत सोडणे ही कामे पावसाआधी उरकावी लागतात, आणि प्रायश्चित्तकाळ नेमका त्याच कोरड्या महिन्यांत येतो. उपवासाने वाचलेल्या पैशांतून आणि एका शनिवारच्या श्रमातून धर्मग्रामाला एक बावखल उपसता येते. दुसरे काम त्याहून कठीण, ते म्हणजे धामणीच्या कालव्यांतून आदिवासी शेतापर्यंत ठरलेले पाणी पोहोचावे यासाठी शहरातल्या ग्राहकाने आवाज उठवणे. शेतकऱ्याने मागणी केली तर ती तक्रार ठरते. नळाचे बिल भरणाऱ्या वसईकराने तीच मागणी महानगरपालिकेकडे आणि जलसंपदा विभागाकडे लेखी केली, तर ती दप्तरात सहज दडपता येत नाही. पाण्यासाठी निवेदने कशी द्यायची, हे वसईने एकदा शिकून घेतलेलेच आहे.