भाषण मुलांचं असू द्या

परीक्षकांच्या टेबलावर आम्हा तिघांपुढे ठेवलेल्या गुणपत्रिकेत उच्चार, पाठांतर, हावभाव आणि आशय असे रकाने होते. सगळ्यांत कमी गुण आशयाला. स्पर्धा सुरू होण्याआधीच मला ते खटकलं होतं, संपेपर्यंत खात्री पटली.

2025 च्या फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियममध्ये 98 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. दिल्लीत याआधीचं संमेलन 1954 सालचं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष असतानाचं. त्यामुळे इथल्या मराठी घरांत उत्साहाला उधाण आलं होतं. संमेलन संपतं न संपतं तोच मराठी भाषा गौरव दिन आला, आणि त्यानिमित्त पहाडगंजातल्या एका सभागृहात शाळकरी मुलांची वक्तृत्व स्पर्धा ठरली. दहावी-बारावीची मुलं बोर्डाच्या परीक्षेत अडकलेली, म्हणून पाचवी ते नववी असा एकच गट. नोएडा, गुरुग्राम, द्वारका, करोल बाग, कुठून कुठून मुलं आली होती. रविवारची झोप मोडून मेट्रोचे दोन-दोन मार्ग बदलून आलेल्या आईवडिलांचं मला मनापासून कौतुक वाटलं. विषय होता ‘दिल्लीतला मराठी माणूस’. चौथ्या मिनिटाला पहिली घंटा, पाचव्याला दुसरी.

विषय उत्तम होता. 1737 मध्ये दिल्लीच्या वेशीवर धडकलेला बाजीराव, शहाआलमला पुन्हा तख्तावर बसवणारे महादजी शिंदे, चिंतामणराव देशमुख, 1962 च्या युद्धानंतर संरक्षणमंत्री म्हणून इथे आलेले यशवंतराव चव्हाण, सगळे व्यासपीठावर येऊन गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावल्याचं वाक्य बऱ्याच भाषणांत आलं, आणि तेही त्याच हातवाऱ्यासकट. मुलं खणखणीत बोलत होती, पण वाक्यं चाळिशीतल्या माणसाची होती. पहिल्या रांगेत बसलेल्या आयांचे ओठ मुलांबरोबर हलत होते. एका मुलाने चिंतामणरावांवर अप्रतिम भाषण केलं. कुठे अडखळला नाही, ‘ण’ आणि ‘ळ’ अगदी स्वच्छ. खाली उतरताना मी त्याला सहज विचारलं, “चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा का दिला रे?” त्याने आईकडे पाहिलं. मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये दिलेला तो राजीनामा त्याच्या भाषणात दोनदा येऊन गेला होता. मुलगा हुशार होता, यात मला शंका नाही. त्या शब्दांशी त्याची ओळखच कुणी करून दिली नव्हती.

मग सातवीतली एक मुलगी आली. हातात कागद नाही, नमस्कारानंतरची ठरावीक सुरुवातही नाही. “आमचे पप्पा सोनं गाळतात,” तिने सरळ सांगितलं. विट्याकडचं कुटुंब. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. त्यांतली कितीतरी कुटुंबं चांदणी चौकातल्या कूचा महाजनीच्या आसपास आणि करोल बागेत भट्ट्या चालवतात. ती सांगत होती: “भट्टीच्या समोर पंखा लावता येत नाही, आग हलते. पप्पांना खूप पसीना येतो. दुकानातली झाडलेली धूळ आम्ही फेकत नाही, पोत्यात भरून ठेवतो, त्यात पण सोनं असतं. दिवाळीला आम्ही गावाला जात नाही, तेव्हा काम जास्त असते. यात्रेला जातो. गावाला आमचं दोन मजल्याचं घर आहे, त्यात आजी आणि आजोबा दोघंच राहतात.” दुसरी घंटा झाली. तिने घंटेकडे वळून पाहिलं, “एकच सांगायचंय,” म्हणाली, आणि आजोबा पहिल्यांदा दिल्लीला आले तेव्हा दुकानातच झोपायचे हे सांगून खाली उतरली.

सभागृहातली कुजबुज केव्हाच थांबली होती. दिल्लीतला मराठी माणूस त्या सकाळी मला पहिल्यांदा तिच्या भाषणात भेटला. गुणपत्रिकेत मात्र तिला पाठांतराच्या रकान्यात काय द्यायचं ते कळेना, आणि उच्चारांत हिंदी मिसळल्याचे गुण गेले. आम्ही तिघांनी बराच वेळ वाद घातला. शेवटी बेरीज करून निकाल लागला तो चिंतामणरावांवर बोललेल्या मुलाचा. तिला उत्तेजनार्थ. नियमाने ते बरोबरच होतं, म्हणून सही केली. पण नियम चुकीचा आहे, हे मी संयोजकांना त्याच दिवशी सांगितलं.

माझी मुलगी इथल्या केंद्रीय विद्यालयात होती तेव्हा युवा संसदेत मंत्री झाली होती. 1962 मध्ये मुंबईत भरलेल्या प्रतोदांच्या परिषदेत या कल्पनेची शिफारस झाली आणि 1966-67 पासून दिल्लीच्या शाळांत ती स्पर्धा सुरू झाली. तिथे प्रश्नोत्तराचा तास असतो. पाठ केलेलं उत्तर दिलं की विरोधी बाकावरून पूरक प्रश्न येतो, म्हणून मुलीने घरी रात्री जागून विषय समजून घेतलेला मी पाहिला आहे. दिल्लीतली मुलं हे हिंदी-इंग्रजीत सहज करतात. मराठी बोलायची वेळ आली की आपण त्यांच्या हातात पाठ करायचा कागद देतो. चुकीची मराठी लोकांच्या कानी पडेल ही भीती आपली असते, मुलांची नसते. परप्रांतात भाषा टिकवणाऱ्या पालकांची ही काळजी मला समजते, माझ्याही घरात ती होती. तरीही सांगते, लिहून दिलेलं मराठी स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी विसरलं जातं.

संयोजकांकडे माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. पाठांतराचा रकाना काढून ते गुण आशयाला द्या, आणि प्रत्येक भाषणानंतर परीक्षकांना एक प्रश्न विचारू द्या. आणि पालकांनो, पुढच्या वर्षी विषय जाहीर झाला की भाषण लिहायला बसू नका. मुलाला दुकानात, कचेरीत, सोसायटीतल्या जुन्या मराठी आजोबांकडे घेऊन जा, आणि तो घरी येऊन जे बोलेल तेच व्यासपीठावर बोलू द्या.