चाचा, पद्मिनी आणि अर्थिंग



मागच्या महिन्यात इथे जुन्या रेडिओंच्या आणि शिवणयंत्रांच्या आठवणी वाचल्या. म्हटलं, आपणही आपल्या गाडीबद्दल लिहावं. बऱ्हाणपुरातल्या बऱ्याच जणांनी ती पाहिली आहे, काही जण तिच्यातून वरातीलाही गेले आहेत. 1980 ची प्रीमियर पद्मिनी, मलई रंगाची, गियरचा दांडा स्टिअरिंगपाशी.

नव्या पिढीसाठी थोडं सांगतो. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची 1100 तयार होऊ लागली, आणि तिलाच 1974 पासून पद्मिनी म्हणू लागले. पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची, असा तो काळ. 1983 अखेर मारुती आली आणि पुढे जुन्या पद्मिनीचा भाव उतरला. म्हणूनच 1989 मध्ये मला, बँकेच्या पगारदार माणसाला, एका कापड व्यापाऱ्याकडून ही गाडी घेता आली. मुंबईच्या टॅक्सीतून पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये कायमची गेली. आमची मात्र अजून चालते. आमच्या सौ.ना गुडघ्यांचा त्रास आहे. हिच्या पुढच्या सलग सीटवर त्या आरामात बसतात, मुलाच्या उंच गाडीत त्यांना चढवत नाही. इच्छापूरला देवीच्या दर्शनाला जायचं तर हीच गाडी.

पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. आमची मुदत 2025 च्या दिवाळीनंतर संपत होती. गाडी दाखवायला न्यायची म्हणून उन्हाळ्यातच तिला रंग दिला. रंग सुरेख झाला. पण पावसाळा संपता संपता दिव्यांनी खोड्या सुरू केल्या. पुढचा डावा दिवा मंद. ब्रेक दाबला की मागचा डावा लाल दिवा जेमतेम लागायचा आणि पुढचा डावा इंडिकेटर आपोआप मिणमिणायचा. इंडिकेटर दिला तर मागे सगळंच एकत्र लुकलुकायचं. अशा दिव्यांवर गाडी पास होणार नव्हती, हे उघड होतं.

एका गॅरेजमध्ये दाखवली. मुलगा हुशार होता, पण त्याने बोनेट उघडून वायरी पाहिल्या आणि हात जोडले. "अंकल, एकाही वायरचा रंग पुस्तकाशी जुळत नाही. सगळी वायरिंग नवी टाकावी लागेल." खर्च सांगितला 28 हजार, वेळ महिनाभर. मुदतीला तीन आठवडे उरले होते. पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, आता भंगारात द्या. किती दिवस ओढणार?" तो वाईट बोलला नाही, काळजीनेच बोलला. पण हिने त्या दिवशी जेवताना विषय काढला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मग मी चाचांना फोन केला.

चाचा म्हणजे आमचे ऑटो इलेक्ट्रिशियन. शनवाऱ्याजवळ त्यांचं छोटंसं दुकान होतं, एक बाक, एक बॅटरी चार्जर आणि भिंतीला टांगलेल्या वायरींचे वेढे. 1989 पासून या गाडीची वीज त्यांनीच पाहिली. आता वय ऐंशीच्या पुढे. दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली, नजरही फार कमी झाली आहे. मी सगळी लक्षणं सांगितली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "साहब, गाड़ी में आखरी काम क्या हुआ था?"

मंडळी, हा प्रश्न ऐकून मला बँकेची आठवण झाली. ताळेबंद जुळत नसला की आमचे जुने मॅनेजर हेच विचारायचे, शेवटची नोंद कुठली पडली? जो हिशेब कालपर्यंत जुळत होता तो आज का जुळत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा कालच्या नोंदीतच असतं.

मी म्हटलं, "रंग दिला." ते हसले. "तो फिर वायरिंग नहीं, अर्थिंग है. ले आओ गाड़ी."

इथे जरा समजावून सांगतो, कारण जुनी गाडी किंवा स्कूटर ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे उपयोगी पडेल. घरात दिव्याला दोन वायरी जातात. गाडीत बहुतेक दिव्यांना एकच जाते. बॅटरीच्या अधिक टोकापासून करंट वायरीतून दिव्यापर्यंत येतो आणि परत जातो तो गाडीच्या पत्र्यातून, कारण बॅटरीचं उणे टोक पत्र्यालाच जोडलेलं असतं. पत्रा ही परतीची वाट. दिवा पत्र्यावर जिथे बसतो तिथे धातूला धातू लागलेला पाहिजे. मध्ये रंग किंवा गंज आला की परतीची वाट अडते. मग करंट आडवाटेने निघतो. ब्रेकच्या दिव्यातून शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमध्ये शिरतो, तिथून त्याच्या वायरीने पुढच्या इंडिकेटरपर्यंत जातो आणि तिकडच्या पत्र्यातून घरी परततो. म्हणून ब्रेक मागे दाबला आणि दिवा पुढे मिणमिणला. आम्हा कॉमर्सवाल्यांना हे पटकन समजतं. जेवढं नावे पडलं तेवढं जमा झालंच पाहिजे. एका खात्यात जागा नसेल तर ते दुसऱ्याच खात्यात जाऊन बसतं.

चाचांच्या दारात गाडी उभी केली. नातवाने खुर्ची आणून गाडीच्या मागे ठेवली. मी मल्टिमीटर नेला होता. चाचांच्या सांगण्यावरून एक टोक बॅटरीच्या उण्याला आणि दुसरं मागच्या दिव्याच्या धातूच्या बैठकीला लावलं, आणि सौ.नी ब्रेक दाबून धरला. काटा जवळजवळ शून्यावर राहायला हवा होता, तो दोन व्होल्टच्या वर गेला. म्हणजे बाराच्या बॅटरीतले दोन व्होल्ट परतीच्या वाटेतच खर्च होत होते. व्होल्ट एवढे कमी झाले तर बल्बचा उजेड जवळपास निम्म्यावर येतो.

मग चाचांनी एक लांब वायर मागितली. एक टोक बॅटरीच्या उण्याला, दुसरं त्यांनी स्वतः बोटांनी चाचपत दिव्याच्या बैठकीवर टेकवलं. दिवा भक्कन पेटला. त्यांना तो नीट दिसला नसावा, पण नातू "आ गया, दादा!" म्हणाला तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

बाकीचं काम अर्ध्या तासाचं. दिवा खोलला, खालचा नवा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चमकवला, दातेरी वॉशर आणि नवा स्क्रू लावला, वरून व्हॅसलिन चोळलं म्हणजे ओल शिरत नाही. पुढच्या डाव्या दिव्याचंही तसंच. फ्यूजची टोकंही घासून घेतली. खर्च शंभर रुपयांच्या आत. चाचांनी पैसे घेतले नाहीत, म्हणाले राजघाटापर्यंत एक चक्कर मारून आणा. आणली. तापीला पाणी भरपूर होतं.

परतताना मी विचारलं, गाडीतल्या वायरींचे रंग पुस्तकाशी का जुळत नाहीत? तेव्हा त्यांनी डोळे मिटूनच सांगायला सुरुवात केली. हॉर्नला लाल वायर हवी, पण त्या दिवशी लाल संपली होती म्हणून निळी टाकली. वायपरची पिवळी 1994 च्या पावसात जळली, तिथे स्कूटरची हिरवी आहे. डायनॅमोच्या वायरीला जोड कुठे आहे तेही सांगितलं. आणि एक ताकीद दिली: इंजिन अगदी हळू चालताना डायनॅमोचा दिवा लागतो आणि उजेड कमी होतो, तो बिघाड नाही, डायनॅमो तेव्हा पुरेसा करंट देतच नाही. गॅस दिल्यावरही दिवा विझला नाही तरच पट्टा आणि ब्रश बघा.

छत्तीस वर्षांचा सगळा हिशेब त्या माणसाच्या डोक्यात आहे आणि कागदावर एक ओळ नाही. गॅरेजच्या मुलाचा दोष नव्हता, त्याच्याकडे पाहायला वहीच नव्हती.

गाडी पास झाली, नोंदणी पाच वर्षांसाठी मिळाली. मुलाला मी दिव्यांचा फोटो पाठवला, त्याने उत्तरात फक्त अंगठा पाठवला, पण दिवाळीच्या सुट्टीतून निघताना तोच सौ.ना गाडीतून स्टेशनवर घेऊन गेला.

त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी मी जाड लेजर घेऊन चाचांकडे जातो. ते सांगतात, मी लिहितो, नातू गाडीखाली शिरून वायर हलवून खात्री करतो. कुठून निघाली, कुठे गेली, मूळ रंग, आताचा रंग, कधी बदलली, असे पाच रकाने आहेत. पुढचा भाग आणि डॅशबोर्ड झाला, मागचा अर्धा उरला आहे. त्यांची तब्येत बरी असते तोवर पुरा करायचा आहे.

तुमच्यापैकी कुणाकडे पद्मिनीचं किंवा फियाट 1100 चं मूळ वायरिंगचं पान असेल तर कृपया फोटो टाका, ताडून बघता येईल. आणि तुमच्या गावातही असे एखादे चाचा असतील, घड्याळाचे, लूमच्या मोटरचे, हार्मोनियमचे. वही घेऊन एकदा त्यांच्याकडे जाऊन बसा.