पाण्याच्या प्लँटवरची नोकरी

दहावीचा निकाल लागला की आमच्या दारात आठवडाभर चपलांचा ढीग असतो. पालक येतात, चहा होतो, मग प्रश्न येतो, "सर, आता पुढं काय?" खरे तर उत्तर त्यांनी घरूनच ठरवून आणलेले असते. मुलगा असेल तर इलेक्ट्रिशियन नाहीतर फिटर, आणि कुणी मामू-चाचा दुबईत असतील तर दुबई. मुलगी असेल तर बारावीपर्यंत शिकू द्या, मग बघू. आम्ही फक्त मान डोलवायची असते. गेली काही वर्षे मात्र आम्ही आणखी एक काम सुचवतो. पाणी शुद्ध करणारे किंवा सांडपाणी साफ करणारे केंद्र चालवण्याचे काम. ऑपरेटरचे. हे ऐकले की बैठकीत एकदम शांतता पसरते.

पहिल्यांदा सुचवले तेव्हा एका मुलाच्या अम्मीने पदर सावरत सरळच विचारले, "सर, दहावी पास करके लडकेकू गटारमें उतारनेका क्या?"

आमचे सारोळे नीरेच्या काठी. पुणे-सातारा महामार्गावरचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा, शिरवळ आणि तिथले कारखाने. भाटघर आणि नीरा देवघरचे पाणी आमच्या शेजारून वीर धरणात जाते आणि तिथून कालव्यांनी बारामती, फलटणकडे. म्हणजे आम्ही नदीत जे सोडू ते पुढे कुणाच्या तरी शेतात आणि घागरीत जाणार. १९७४ च्या जल कायद्यामुळे कारखान्याला सांडपाणी तसेच नदीत सोडता येत नाही. प्रक्रिया करावी लागते, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. मोठ्या गृहसंकुलांनाही आपले सांडपाणी प्रक्रिया केंद्र लागते. हे यंत्र दिवाळीला बंद राहत नाही की ईदला. तीन पाळ्यांत माणूस लागतो, आणि तो शिकलेला लागतो. शेजारी एवढे काम उभे असताना आमची पोरे मोबाइल दुरुस्तीच्या एकाच दुकानात चौघे-चौघे बसलेली आम्ही पाहतो.

त्या अम्मीचा मुलगा अखेर गेला. समजूत आम्ही नाही घातली, आमच्या मुलांच्या अम्मींनी घातली. दोघी स्वयंपाकघरात तासभर काय बोलल्या ते आम्हाला आजही ठाऊक नाही. मुलाने आयटीआयमध्ये अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लँट ही दोन वर्षांची ट्रेड घेतली. त्यासाठी दहावीला विज्ञान आणि गणित लागते. एक वर्षाची पंप ऑपरेटर कम मेकॅनिक ही ट्रेडही असते. जवळच्या आयटीआयमध्ये या दोन्ही असतीलच असे नाही, फॉर्म भरताना यादी नीट पाहावी. पुढे उमेदवारी करताना तो सुटीला घरी आला की आमच्याकडे यायचा, आणि आम्ही शिक्षक असूनही विद्यार्थ्यासारखे ऐकत बसायचो.

सांडपाणी साफ करतात ते मुख्यतः जिवाणू, हे पाठ्यपुस्तकात आम्हीही शिकवतो. पण तो सांगायचा ते वेगळे होते. हवेच्या टाकीतले पाणी एक लिटरच्या उभ्या काचनळीत भरायचे आणि अर्धा तास हलवायचे नाही. गाळ किती खाली बसतो ते पाहायचे. चॉकलेटी रंगाचा, ओल्या मातीचा वास असलेला गाळ म्हणजे जिवाणूंची तब्येत चांगली. काळा पडला, कुजका वास आला, तर त्यांना हवा कमी पडते आहे. नको तसा पांढरा फेस धरला, तर कुठे तरी साबण जास्त आला किंवा जिवाणू अजून कोवळे आहेत. "सर, म्हशी पाळल्यासारखंच आहे," तो म्हणाला होता. "वेळेवर खायला, वेळेवर हवा, आणि रोज बघायला जायचं."

पाण्याची मैल मोजायची बीओडी ही चाचणी आपल्याकडे २७ अंश तापमानाला तीन दिवस चालते. नदीत सोडायच्या पाण्यात ती लिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, हा सर्वसाधारण निकष. अहवाल हातात येईपर्यंत तीन दिवसांपूर्वीचे पाणी वीर धरणाच्या वाटेला लागलेले असते. म्हणून ऑपरेटरने कागदाची वाट न पाहता नळी, रंग आणि वास यांवरून आजच ओळखायचे असते. शिकलेला माणूस लागतो तो इथे.

आमच्या मनावर सर्वांत जास्त ठसला तो त्याच्या पहिल्या नोकरीतला प्रसंग. एका संकुलातल्या केंद्राचा पंप गाळात अडकला. ठेकेदाराच्या माणसाने त्याला आणि आणखी एकाला टाकीत उतरायला सांगितले. वास येत नाही, म्हणजे गॅस नाही, असे त्याचे म्हणणे. मुलाने नकार दिला. हायड्रोजन सल्फाइड हा वायू थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण जास्त असला तर नाकच बधिर होते आणि वास येणे थांबते, हे त्याला शिकवलेले होते. तो हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. आधी पंख्याने हवा खेळवायची, गॅसमापक खाली सोडून पाहायचे, कमरेला दोर बांधायचा, वर एक माणूस उभा ठेवायचा. यातले काहीच तिथे नव्हते. त्याने दुसऱ्यालाही उतरू दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्याला कामावर येऊ नको म्हणून सांगितले गेले. पुढचे तीन आठवडे तो घरी बसून होता. त्या दिवसांत त्याच्या अम्मीने आमच्याकडे पाहणेही टाळले, आणि त्याबद्दल आम्ही त्यांना बोल लावत नाही.

संरक्षक साधने न देता माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सफाईसाठी उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. तरीही गुदमरून मेल्याच्या बातम्या येतातच. मरतात ती बहुतेक रोजावर आणलेली, काहीच न शिकवलेली माणसे. पहिल्याला वाचवायला दुसरा उतरतो, आणि तोही वर येत नाही. गटाराचे काम हलके म्हणून शिकलेल्याने त्याकडे पाहायचे नाही, आणि न शिकलेल्याला त्यात ढकलायचे, ही आपल्या समाजाची जुनी रीत आहे. हे काम कोणत्या जातींच्या माथी मारले गेले ते सर्वांना माहीत आहे. जातपात मानत नाही म्हणणारे आपणही या बाबतीत फार निराळे नाही.

दुसरी अडचण आमच्या घरांतच आहे, आणि ती नाजूक आहे. आपण लहानपणापासून शिकतो की वाहत्या किंवा मोठ्या हौदातल्या पाण्याचा रंग, वास, चव बदलली नसेल तर ते पाक. वुजूसाठी हा हिशोब बरोबरच आहे. पण आपण तोच हिशोब पिण्याच्या पाण्यालाही लावतो. पाणी नितळ दिसते, मग उकळायचे कशाला? जिवाणूला रंग नसतो, वास नसतो, चवही नसते. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे रुग्ण सापडू लागले, तेव्हा संशय पाण्यावर गेला. चांगली धडधाकट माणसे हातापायांतली ताकद जाऊन अतिदक्षता विभागात पोचली. ही गावे आमच्या शेजारच्या वेल्ह्याच्या वाटेवरची. त्या पंधरवड्यात आमच्या शाळेत एकही मूल नळाला तोंड लावत नव्हते. पुढच्या महिन्यात सगळे पूर्ववत.

उलट टोकाचा प्रश्नही येतो, की गटाराचे पाणी कितीही साफ केले तरी ते नापाकच ना? यावर सौदी अरबस्तानच्या ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेने १९७८ सालीच विचार करून निर्णय दिला आहे. प्रक्रियेने घाणीचा रंग, वास, चव पूर्ण गेली असेल, तर ते पाणी पाक आहे आणि वुजूलाही चालते. पिण्याबाबत मात्र आरोग्याला धोका असेल तर टाळावे, असेही त्यांनी म्हटले. पाक असणे आणि पिण्याजोगे असणे हे दोन वेगळे प्रश्न त्यांनी वेगळेच ठेवले.

जलशांतल्या भाषणांत मलिक अंबरने औरंगाबादेला बांधलेल्या नहरीचा अभिमानाने उल्लेख होतो. व्हायलाच हवा. चारशे वर्षांपूर्वी जमिनीखालून नळ नेऊन त्याने शहराला पाणी पाजले. मात्र भाषण करणाऱ्या साहेबांच्या मुलाला पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायला सांगा, मग पाहा.

आता आम्ही आठवीच्या शेकडेवारीच्या धड्यात टीसीएल पावडरचे गणित घालतो. टाकी ५०,००० लिटरची. लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन हवा, म्हणजे एकूण १०० ग्रॅम. पावडरीत क्लोरीन २५ टक्के असेल तर पावडर ४०० ग्रॅम. पोत्याचे तोंड उघडे राहून क्लोरीन १० टक्क्यांवर आला असेल तर? एक किलो. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचे नितळ पाणी टाकीत ओतायचे, अर्धा तास थांबायचे. मग नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. मुलांना हे गणित आवडते, कारण उत्तर चुकले तर कोण आजारी पडेल ते त्यांना कळते. एका मुलाने घरी जाऊन टाकीवरच्या काकांना पोते बांधून ठेवायला सांगितले. काकांनी कान पिळला, पण पोते बांधले.

जलजीवन मिशनमध्ये दर गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायच्या किटचे शिक्षण देण्याची सोय आहे. पंप, प्लंबिंग आणि विजेचे काम एकत्र शिकवणारा नल जल मित्र हा कार्यक्रमही निघाला आहे. ग्रामपंचायतीत चौकशी केली तर पत्ता लागतो. ज्यांची मुले रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाली आहेत, त्यांना या केंद्रांच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून काम मिळू शकते. पगार सुरुवातीला फार नसतो, रात्रपाळी असते, ठेकेदारी असते. हे आम्ही पालकांपासून लपवत नाही.

तो मुलगा आता नदीपलीकडच्या एका कारखान्यात पाळीचा ऑपरेटर आहे. तिथे टाकीजवळ गॅसमापक टांगलेला असतो, हे त्याने रुजू होताना आधी पाहून घेतले. यंदा दहावीच्या दोन मुलींनी आम्हाला विचारले, "सर, प्रयोगशाळेत मुलींना घेतात का? दिवसपाळी मिळते का?" त्याच्याकडे चौकशी केली. घेतात, आणि त्यांच्याकडे तपासणीचे काम दिवसाचेच असते, असे त्याने कळवले. एकीच्या अब्बांचा होकार आला आहे. दुसरीच्या घरी येत्या जुम्याच्या नमाजनंतर जायचे आहे, आणि या वेळी त्या मुलाची अम्मीही आमच्याबरोबर यायचे म्हणते आहे.