मेणवलीचा वाडा आणि आमचा वाडा

आमच्या सांगलीतल्या घराला सगळे वाडाच म्हणत. खरे तर वाडा म्हणावे एवढे काही ते मोठे नव्हते. रस्त्याला लागून ढेलज, आत लहानसा चौक, चौकाच्या एका अंगाला सोपा, त्यामागे माजघर, स्वयंपाकघर आणि परसात आड. भिंती पांढऱ्या मातीच्या, दीड हात रुंद, वर कडीपाट. पणजोबांनी बांधलेल्या या घरात २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा शिरली. आयर्विन पुलापाशी तिने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. आमच्या सोप्यात चार दिवस पाणी होते. ते ओसरले तेव्हा माजघराची एक भिंत बसली होती. ती कशीबशी उभी केली, तो २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले. मग घरात एकच विषय राहिला. वाडा पाडायचा आणि जागा बिल्डरला द्यायची.

खोटे कशाला सांगू, पाडण्याच्या बाजूने सर्वांत मोठा आवाज माझाच होता. आतून कडी लावता येईल अशी स्वतःची खोली मला हवी होती. मैत्रिणींना घरी बोलवायचे तर ओल आलेल्या भिंतींची लाज वाटे. आजी मात्र या चर्चेत कधी भाग घेत नसे. "तुम्हांला राहायचंय, तुम्ही ठरवा," एवढेच म्हणे आणि जपाची माळ हातात घेई.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजीला घेऊन मी वाईला आत्याकडे गेले. तिथून मेणवली तीन किलोमीटरवर. नाना फडणविसांचा वाडा पाहायचा हट्ट माझा. आजी माझ्या सोबतीला म्हणून आली.

नाना मूळचे याच मुलखातले म्हणता येतील. त्यांचा जन्म १७४२ साली साताऱ्यात झाला. मेणवली हे गाव त्यांना १७६८ च्या सुमारास इनाम मिळाले. पुण्याच्या दरबारातून चार दिवस निसटून यावे, नदीवर स्नान करावे, देवदर्शन घ्यावे, म्हणून त्यांनी इथे कृष्णाकाठी वाडा बांधला. जवळच घाट, मेणेश्वराचे आणि विष्णूचे अशी दोन मंदिरे उभारली. वाडा सहा चौकांचा. बाहेरून पाहिले तर गढीसारखी उंच, मुकी भिंत. आत शिरावे तेव्हा एकामागून एक चौक उलगडत जातात. सागवानी खांब, जाड मातीच्या भिंती, भर दुपारीही अंगाला जाणवणारा गारवा. काही भिंतींवर जुनी रंगीत चित्रे अजून तग धरून आहेत.

मला आमच्या इतिहासाच्या सरांचा एक तास आठवला. युरोपातील बरोक शैली शिकवताना त्यांनी जर्मनीतल्या लुडविग्सबुर्गच्या राजवाड्याचे चित्र दाखवले होते. १७०४ साली शिकारीच्या मुक्कामाचे घर म्हणून त्याचे काम सुरू झाले आणि वाढता वाढता तो अवाढव्य राजवाडा झाला. त्या काळचे तिकडचे सरदार गावाबाहेर अशीच घरे बांधत. लांबवरून सरळ येणारा वृक्षांचा रस्ता, डावीउजवीकडे अगदी सारख्या इमारती, मोजून मापून आखलेली बाग. पाहुणा कोसभर दूर असतानाच त्याला धन्याचे वैभव दिसले पाहिजे, ही त्यामागची इच्छा. मेणवलीचा वाडा त्याच शतकातला, पण त्याची रीत नेमकी उलटी. रस्त्याकडे पाठ, तोंड चौकाकडे. जे काही आहे ते आत आलेल्या माणसासाठी. मला वाटले, आमचे चिमुकले घरही याच रीतीचे की! रस्त्यावरून पाहणाऱ्याला एक मातीची भिंत आणि दार, एवढेच दिसे. मीही त्याच्याकडे इतकी वर्षे बहुधा रस्त्यावरूनच पाहत आले होते.

आजीचे पाहणे निराळेच चालले होते. चित्रांकडे तिचे लक्ष नव्हते. ती खांबांवरून हात फिरवत होती, बोटांनी खण मोजत होती. "आपल्या सोप्याचा खण याच्या निम्मा असंल बघ," ती म्हणाली. तिला विचारले, तुला कसे ठाऊक? तर म्हणाली, "सारवताना रोज मोजत नव्हते का मी?"

मग आम्ही घाटावर उतरलो. 'स्वदेस' हा २००४ चा चित्रपट पाहिलेल्या प्रत्येकाला हा घाट ओळखीचा वाटेल. घाटाजवळच दगडी घुमटीत एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या मुलखात आल्या. त्यांतलीच ही एक. सातासमुद्रापलीकडच्या धर्माची घंटा महादेवाच्या दारात आली आणि इथलीच होऊन राहिली. आजीने तिला मनोभावे हात जोडले. मेरी कोण हे मी सांगितल्यावर म्हणाली, "मग काय झालं? लेकरू हाय की तिच्या मांडीवर."

पायरीवर बसून तिने विचारले, "इथं पूर येत नाही का गं?"

येत असणारच. पण पाणी चढावे म्हणून नानांनी पायऱ्या बांधल्या आणि माणसांनी राहावे म्हणून वाडा उंचावर ठेवला. धनवंताला अशी जागा निवडता येते; आमच्या पणजोबांना परवडली तिथे त्यांनी घेतली. समोरून वाहणारे तेच पाणी पुढे माहुलीला वेण्णेला आणि कऱ्हाडला कोयनेला पोटात घेऊन आमच्या सोप्यात आले होते, हे मनात येऊन मी गप्प झाले.

नानांना तरी हे घर कितीसे लाभले? १७९६ साली पुण्याचे राजकारण उलटले तेव्हा ते इकडे वाईला आले, पण इथेही त्यांना थारा वाटला नाही. घाट उतरून ते महाडला गेले. १८०० साली त्यांचे निधन झाले. मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी जिऊबाई तेव्हा अगदी अल्पवयीन होत्या. बरीच वर्षे परक्या आश्रयाने काढल्यावर, पेशवाई बुडाल्यानंतर त्या मेणवलीला परतल्या आणि शेवटपर्यंत इथेच राहिल्या. बांधणाऱ्याचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. इतकी वर्षे या चौकांतून दिवा लावणाऱ्या बाईची आठवण कोण काढतो? मी वळून आजीकडे पाहिले. ती नदीकडे पाहत होती. लग्न होऊन आमच्या घरात आल्याला तिला साठ वर्षे होऊन गेली होती.

याच वाड्यात नानांचे कागदपत्र होते. 'मेणवली दप्तर' म्हणून इतिहासाचे अभ्यासक ते ओळखतात. कागद राहिले म्हणून नानांचा काळ आपल्याला कळतो. आमच्या घराचा सिटी सर्व्हेचा एक उतारा सोडला तर कुठे काहीच नव्हते. एक साधा नकाशाही नव्हता.

सांगलीला परतल्यावर वाडा पाडू नका, असे मी म्हटले नाही. म्हणण्यासारखी परिस्थितीही नव्हती; पुढच्या पावसाळ्यात ती भिंत कोणाच्या अंगावर पडली असती. मी फक्त टेप घेऊन आले आणि आलेखाच्या कागदावर घर मोजायला बसले. आजी काठी टेकत पुढे आणि मी मागे. या कोनाड्यात पणजीचा दिवा असे. हे बळद, यात शाळूची पोती रिकामी होत. या खांबाला बाबांचा पाळणा बांधला होता. या उंबऱ्यावर बसून आजोबा गेल्याची बातमी तिने ऐकली. एवढ्या गोष्टी या दीडशे पावलांत घडल्या आणि वीस वर्षे त्याच घरात राहून मला त्यांतली एकही ठाऊक नव्हती! तीन दिवस आमचे काम चालले. आजी एवढी बोललेली मी कधी ऐकली नव्हती.

फाल्गुनात वाडा पाडला. जुने लाकूड विकले गेले. दाराची चौकट तेवढी बाबांनी ठेवून घेतली. आम्ही आता भाड्याच्या घरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. मला माझी खोली मिळाली आहे आणि तिला आतून कडीही आहे. बहुधा ती मी लावत नाही.

नकाशा आजीच्या ट्रंकेत असतो. परवा तिने तो बाहेर काढला, चष्मा लावून बराच वेळ न्याहाळला आणि मला हाक मारली.

"तुळस चुकलीय तुझी. आडापासून आणखी दोन हात अलीकडं घे."

मी खोडरबर घेऊन तिच्याजवळ बसले.