बोअरचं पाणी, मुक्काम मारुंजी

दिसायला अगदी सज्जन. काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरा, रंग नाही, वास नाही. पुण्याजवळच्या मारुंजीच्या बोअरचं पाणी पहिल्या भेटीत कुणालाच खटकत नाही. त्याची खरी ओळख पटते ते निघून गेल्यावर. काळ्या गाडीच्या बॉनेटवर सकाळी मारलेलं पाणी दहाच्या उन्हात उडून जातं आणि जिथे जिथे थेंब बसला होता तिथे एकेक पांढरं कडं सोडून जातं. कडेला जाड, मधे विरळ. बोट फिरवलं तर खरखर लागते, पण कडं हलत नाही.

घरात तर त्याचा वावर आधीपासूनच असतो. शॉवरची भोकं बुजतात, गीझरच्या कॉइलवर खवले धरतात, बाथरूमची काच कितीही घासली तरी धुरकट राहते, तूरडाळीला एक-दोन शिट्ट्या जास्त द्याव्या लागतात. हिंजवडीत नोकरी म्हणून मारुंजीत फ्लॅट घेतलेली माणसं पहिल्या महिन्यात बिल्डरला बोल लावतात, दुसऱ्या महिन्यात प्लंबरला. पाण्याकडे बोट जायला वर्ष लागतं.

त्याचा जन्म मात्र अगदी निर्मळ. मुळशीच्या डोंगरांवर पडणारा पाऊस जवळजवळ क्षारमुक्त असतो. जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि मग त्याची गाठ पडते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या काळ्या पाषाणाशी. या बेसाल्टमध्ये कॅल्शियम आहे, मॅग्नेशियम आहे, सिलिका आहे. खडक फारसा सच्छिद्र नाही. पाणी त्याच्या भेगांतून, दोन थरांमधल्या सांध्यांतून वाट काढतं आणि तिथेच कित्येक वर्षं मुक्काम करतं. गावोगावचा प्रसाद पिशवीत भरून परतणाऱ्या वारकऱ्यासारखं ते ज्या खडकातून गेलं त्याचं थोडं थोडं घेऊन वर येतं. ते काही घाण घेऊन येत नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. त्याने आणलेला चुना आणि मॅग्नेशियम आपल्या हाडांनाही लागतात. ते फक्त त्यांना वाटेत कुठेही सोडत नाही, वाळेल तिथेच सोडतं.

याच खडकाच्या पोकळ्यांत जिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात. पुणे जिल्हा त्यासाठी जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. पाणी मऊ करण्याची सुरुवातीची यंत्रं जिओलाइटवरच चालायची, आता त्याची जागा रेझिनने घेतली आहे. पाण्याला जड करणाऱ्या खडकानेच त्यावरचा उतारा पोटात जपून ठेवावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पूर्वी या पाण्याला मारुंजीत काम कमी होतं. भातखाचरं पावसावर, विहिरीवर एखादं भाजीचं रान. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या, एकेका आवारात शेकडो गाड्या आल्या आणि बोअर खोल खोल गेले. उन्हाळ्यात ते आटले की दहा हजार लिटरचे टँकर फाटकाशी रांग लावतात. टँकरमधलं पाणी म्हणजे याचाच भाऊबंद, फक्त आज या विहिरीचा आणि उद्या त्या बोअरचा. त्यामुळे सोमवारी धुतलेल्या गाडीवर डाग नव्हते आणि गुरुवारी आले, असं होतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा. विरघळलेल्या एकूण क्षारांची, म्हणजे टीडीएसची, हीच मर्यादा 500 आणि 2,000 आहे. आता हिशेब करा. 600 टीडीएसचं पंधरा लिटर पाणी जागच्या जागी वाळलं, तर मागे चमचाभराहून जास्त पांढरी भुकटी उरते. बादलीभर पाण्याने धुऊन गाडी तशीच उन्हात सोडणं म्हणजे त्यातली चिमूटभर भुकटी छतावर पेरून ठेवणंच आहे.

गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा. माणसाच्या केसाहूनही पातळ. या पाण्याचा मुक्काम त्याच थरावर पडतो. पहिल्या दिवशीचं कडं ओल्या फडक्याने निघतं. आठवडाभर उन्हात तापलं की चिकटतं. महिनोन्‌महिने थरावर थर चढत गेले की क्लिअर कोटमध्येच खळगा पडतो, आणि मग डाग पुसायचा उरत नाही, पॉलिश मारून भोवतालचा थर त्याच्या पातळीला आणावा लागतो. म्हणजे आधीच पातळ असलेला थर आणखी पातळ करायचा.

पाण्याच्या जोडीला मारुंजीत धूळ आहे. बांधकामं, काँक्रीटचे प्लँट, रस्त्यांची खोदाई. ही धूळ मऊ नाही, वाळू-सिमेंटची आहे. हिच्यामुळे पाण्याचं नाव जास्तच बदनाम झालं. उन्हात गाडी तिरकी बघितल्यावर कोळ्याच्या जाळ्यागत गोल ओरखडे दिसतात, ते पाण्याने पाडलेले नसतात. ते पाडलेले असतात कोरड्या फडक्याने आणि एकाच बादलीने.

पहाटे साडेपाचला आमच्या पार्किंगमध्ये गाड्या पुसणारे दादा येतात तेव्हा मी अनेकदा त्यांच्याशी बोलत उभी राहते. त्यांची बादली पहिल्या गाडीला स्वच्छ असते. तिसऱ्या गाडीला पाणी राखाडी होतं. त्यांनी एकदा बादली तिरकी करून तळ दाखवला. बोटभर गाळ होता. चिमटीत धरला तर साखरेसारखा टोचत होता. "ताई, हेच कापड यात बुडवायचं आणि हेच पुढच्या गाडीला लावायचं. दुसरी बादली कुठनं आणू? नळ एकच, तो पण साडेसहाला बंद." त्यांच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. जड पाणी आणि कपडे धुण्याची पावडर यांत रोज हात घातल्यावर दुसरं काय होणार. गाडीच्या डागांवर सोसायटीच्या बैठकीत चर्चा झडतात, या भेगांवर होत नाही. ते मला खुपतं.

तरीही या पाण्याला गाडीजवळ फिरकू देऊ नये असं म्हणणाऱ्यांच्या मी विरोधात आहे. पिण्याचं गोडं पाणी गाडीवर ओतणं हा उपाय नव्हे. मार्च 2024 मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घातली आणि मोडणाऱ्याला 5,000 रुपये दंड ठेवला. टँकरवर जगणाऱ्या गावाने तशी वेळ येण्याची वाट का बघावी? गाडी धुवायला बोअरचंच पाणी योग्य. फक्त त्याच्या कलाने घेतलं पाहिजे, आणि त्याचा कल एकच आहे: त्याला गाडीवर वाळू द्यायचं नाही.

म्हणून गाडी सावलीत हवी आणि बॉनेट हाताला गार लागलं पाहिजे. आदल्या रात्री तीन बादल्या भरून ठेवल्या तर गढूळपणा तळाला बसतो, तळचं चार बोटं पाणी वापरायचंच नाही. आधी वरून खाली मगाने पाणी सोडून धूळ वाहू द्यायची, फडकं अजून लावायचं नाही. मग एका बादलीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत फडकं खळबळायला नुसतं पाणी. कपड्याची पावडर किंवा भांड्याचा साबण नको. वॅक्स उतरवण्यात ते फार तत्पर असतात. आता सगळ्यात महत्त्वाचं. बोअरचं पाणी असेल तर आख्खी गाडी एकदम धुवायची नाही. छत धुतलं, विसळलं, जाड मायक्रोफायबर टॉवेल दाबून टिपलं, मगच बॉनेट. घासून पुसायचं नाही, टिपायचं. मग दारं, सर्वांत शेवटी चाकं, आणि चाकांचं फडकं वेगळं. अशा रीतीने तीन बादल्यांत गाडी होते. पाइप उघडा सोडला तर दहा मिनिटांत शंभर लिटरच्या पुढे पाणी जातं आणि तेवढ्या वेळात छत वाळायलाही लागतं.

शेवटचा हात मात्र बिनक्षारांच्या पाण्याचा फिरवावा. त्याला दोन-तीन मग पुरतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतलीच वाफ असते, त्यात क्षार जवळजवळ नसतात, डब्यात साठवा आणि कापडातून गाळून घ्या. पहिल्या एक-दोन सरी सोडून गच्चीवरून धरलेलं पावसाचं पाणीही तसंच. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं हे आपल्याकडे गाडी असलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. काच धुणाऱ्या वायपरच्या टाकीलाही तोच न्याय लावा, नाहीतर तिचे फवारे बुजतात.

एका गैरसमजाबद्दल कळकळीने लिहायचं आहे. आरओच्या यंत्रातून जे पाणी बाहेर टाकलं जातं ते साठवून त्याने गाडी धुवावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. पाणी वाचवण्याची ती तळमळ खरी आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. बोअरच्या पाण्याचा तो सर्वांत कडक अवतार. ते फरशीला, संडासाला, फार तर चाकांवरचा चिखल सोडवायला वापरा. पत्र्यावर आणि काचेवर नको. सॉफ्टनरचीही बाजू समजून घ्यावी: त्यातलं रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतं आणि त्या बदल्यात सोडियम देतं. टीडीएस तेवढाच राहतो, त्यामुळे डाग पडतात, पण ते ओल्या फडक्याने निघतात. सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पातून आलेल्या पाण्याला क्षारांखेरीज जंतूंचाही प्रश्न आहे. प्रेशर पंपाने त्याचे तुषार उडवून ते श्वासात घेऊ नयेत, आणि हातात मोजे असावेत.

जुनी कडी बसलीच असतील तर नखाने, काथ्याने खरवडू नका. पांढरं व्हिनेगर आणि तितकंच डिस्टिल्ड पाणी, फडक्यावर घेऊन गार पत्र्यावर मिनिटभर ठेवायचं, लगेच शॅम्पूने धुऊन टिपायचं. आधी कोपऱ्यात एके ठिकाणी करून बघावं. चुना त्याने विरघळतो. सिलिका नाही. आपल्या खडकाचं पाणी सिलिकाही घेऊन येतं, म्हणून काही कडी व्हिनेगरलाही दाद देत नाहीत. तिथे पॉलिशवाल्याचंच काम. वॅक्स लावलेली गाडी यातून सुटते असंही नाही. वॅक्सवर थेंब गोल, उंच बसतो आणि वाळला की कडं आणखी रेखीव उमटतं. फरक एवढाच की ते वॅक्सवर बसतं, रंगावर नाही.

या पाण्याशी माझं वैर नाही, उलट जिव्हाळाच आहे. पाऊस ओसरल्यावर आठ महिने या गावाला तगवणारं तेच आहे. जे आहे ते वर्षानुवर्षं मुरून आलेलं आहे आणि आपण ते काही तासांत उपसतो. गाडीला जपणारी पद्धत आणि पाण्याला जपणारी पद्धत इथे एकच निघते, हे किती बरं.

तुमच्याही पार्किंगमध्ये कुणी गाड्या पुसत असतील तर त्यांना या आठवड्यात दुसरी बादली, दोन जाड टॉवेल, रबरी हातमोजे आणि शॅम्पूची बाटली आणून द्या. तुमच्या गाडीसाठी सावलीतली जागा मोकळी ठेवा. आणि नळ साडेसहाला बंद होत असेल, तर तो सातपर्यंत चालू ठेवायचा विषय पुढच्या बैठकीत तुम्हीच मांडा.